शेळीचे ना-हरकत प्रमाणपत्र

आमच्या हौशी संस्थेच्या संगीत नाटकाचे शंभर प्रयोग झाल्यावर आम्ही त्याचा चित्रपट केला, आणि तो चित्रपट चांगला झाला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे लेखन यशाची गोष्ट म्हणून कोणी वाचायला घेणार नाही. तरीही लिहिते आहे, कारण आपले नाटक पडद्यावर न्यावे असे पुण्यात अनेक संस्थांना वाटते आणि कोणता कागद कधी लागतो हे सांगणारे माणूस त्यांना भेटत नाही. मलाही भेटले नव्हते. मी बँकेत एकतीस वर्षे काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई. नाटकात कोरसमध्ये उभी राहते आणि झांज वाजवते. हिशेब येतो एवढ्या एका गुणावर निर्मितीची सगळी कागदपत्रे माझ्या पिशवीत आली आणि तेरा महिने तिथेच राहिली.

नाटकाची गोष्ट दोन ओळींची आहे. एका म्हातारीची शेळी सरपंचपदाच्या उमेदवाराचा अर्ज नेमका शेवटच्या दिवशी खाऊन टाकते, आणि गाव त्या शेळीवर खटला भरते. दोन अंक, चौदा पदे, रंगमंचावर एक बाज, एक तुळशीवृंदावन आणि डाव्या हाताला बसलेले ढोलकी, पेटी व तुणतुणे. शेळीचे काम आमच्यातला एक प्राध्यापक करतो. अंगावर काळी घोंगडी, डोक्याला रुमाल आणि रुमालाला कानांच्या जागी टाचलेले दोन करडे पायमोजे, एवढाच वेष. पहिल्या अंकात तो रांगत येतो तेव्हा प्रेक्षक हसतात. दुसऱ्या अंकात साक्षीसाठी तो दोन पायांवर उभा राहून पद म्हणतो, तेव्हा भरत नाट्य मंदिरात मी लोकांना डोळे पुसताना पाहिले आहे. शेळी दोन पायांवर कशी उभी राहिली, असे शंभर प्रयोगांत एकानेही विचारले नाही.

शंभरावा प्रयोग ४ ऑगस्ट २०२४ रोजी झाला आणि पुढच्या रविवारी सदाशिव पेठेतल्या तालमीच्या जागेत बैठक झाली. दिग्दर्शकाने ‘घाशीराम कोतवाल’चे उदाहरण दिले. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरातच त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यात ब्राह्मणांच्या रांगेचीच भिंत होत असे. १९७६ साली त्यावर चित्रपट निघाला तो नाटकाचे चित्रण म्हणून नव्हे, तर स्वतंत्र कृती म्हणून. आपणही नाटक विसरायचे, असे त्याचे म्हणणे होते. आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीने मात्र ‘कॅट्स’ची आठवण काढली. लंडनमध्ये १९८१ साली आलेली ही संगीतिका माणसांनी मांजरे होऊन वर्षानुवर्षे गाजवली. २०१९ साली टॉम हूपर यांनी तिचा चित्रपट केला, तेव्हा नटांच्या अंगावर संगणकाने केस उगवले आणि त्या वर्षीच्या सर्वांत वाईट चित्रपटाचे रॅझी पारितोषिक त्याला मिळाले. यावर पाऊण तास चर्चा होऊन आम्ही असा निष्कर्ष काढला की आपण खरीच शेळी घ्यावी, म्हणजे ती भानगडच नको. त्या दिवशी हा निष्कर्ष मलाही शहाणपणाचा वाटला होता.

पैशांचे ठरले ते असे: चौदा सभासदांनी प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकवीस लाख, उरलेले नऊ लाख दोन सभासदांच्या नातलगांकडून बिनव्याजी, लेखी पावतीवर. संस्थेच्या नावावर हा व्यवहार नको, असा सल्ला मिळाल्यामुळे आम्ही स्वतंत्र भागीदारी संस्था नोंदवली, तिचे पॅन कार्ड काढले आणि चालू खाते उघडले. यात सप्टेंबर संपला. तुमच्याकडेही हौशी मंडळी पैसे घालणार असतील, तर कोणाचे भांडवल, कोणाचे कर्ज आणि कोणाची देणगी हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. आमच्याकडे तेवढे एक व्यवस्थित झाले, म्हणून आज एकमेकांच्या घरी जाणे-येणे चालू आहे.

यानंतरचा कागद हक्कांचा. लेखक आणि संगीतकार दोघेही आमच्यातलेच, त्यामुळे “घरचीच माणसं, करार कशाला?” हा प्रश्न दोघांनीही हसत विचारला. ओळखीच्या एका वकीलबाईंनी बारा हजार रुपये घेतले आणि त्या बारा हजारांइतका उपयोगी खर्च पुढे एकही झाला नाही. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात, आणि एक वर्षात हक्क वापरला नाही तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास तो हक्क परत जातो. आमच्यासारख्या संथ मंडळींना ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीचा वाटा चित्रपटाबाहेरच्या वापरापुरता त्यांच्याकडेच राहतो, तो सहीने सोडून देता येत नाही. हे ऐकल्यावर आमचे संगीतकार काका पहिल्यांदाच करार शांतपणे वाचायला बसले. करार १८ नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाच्या दोन दिवस आधी झाला. शंभराचा मुद्रांक आता चालत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो, हे मला मुद्रांक विक्रेत्याच्या रांगेत कळले.

एक गैरसमज येथेच दूर करते. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र होतेच. तेव्हा संहिता एकदा शासनाच्या नजरेखालून गेली आहे, आता पुढचे काम निम्मे झाले, असे मी धरून चालले होते. त्या प्रमाणपत्राचा चित्रपटाशी काही संबंध नाही. ते मंडळ राज्याचे, चित्रपट प्रमाणन मंडळ केंद्राचे. एक प्रयोगाआधी संहिता वाचते, दुसरे तयार झालेला चित्रपट पाहते. नाटकाचे प्रमाणपत्र मी तरीही प्रत्येक अर्जासोबत जोडत राहिले आणि ते कोणीही कधी मागितले नाही.

निर्मात्यांच्या संस्थेचे सभासदत्व आणि शीर्षकाची नोंदणी यांत डिसेंबर गेला. नाटकाचे नाव दुसऱ्या एका नोंदलेल्या शीर्षकाशी जुळत असल्यामुळे मिळाले नाही आणि त्याला एक शब्द जोडावा लागला. तीन पर्यायी शीर्षके आधीच तयार ठेवा, एवढेच यावर सांगण्यासारखे आहे.

आता शेळी.

चित्रपटात प्राणी दाखवायचा असेल, तर भारतीय पशु कल्याण मंडळाची चित्रीकरणापूर्वी परवानगी लागते आणि चित्रीकरणानंतर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर प्रमाणन मंडळाकडचा अर्ज पुढे सरकत नाही. याचा आधार १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आणि खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे २००१ चे नियम. मंडळाचे कार्यालय पूर्वी चेन्नईला होते, आता हरियाणात बल्लभगढला आहे. अर्जात शेळीचे वय, रंग, मालकाचे संमतीपत्र, पशुवैद्यकाने दिलेला तंदुरुस्तीचा दाखला, चित्रीकरणाची जागा व तारखा, आणि ती ज्या ज्या दृश्यात आहे त्या प्रत्येक दृश्याचे वर्णन द्यायचे होते. वर्णन लिहिणे मला सोपे वाटले. “दृश्य १४: शेळी अर्ज खाते” असे मी लिहिले आणि पशुवैद्यक डॉक्टरांना दाखवायला नेले.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “ताई, छापील कागद खाऊ घालणार तुम्ही तिला?”

म्हणजे ज्या एका कृतीवर नाटक उभे होते, तीच कृती करता येणार नव्हती, आणि डॉक्टरांचे म्हणणे योग्यच होते. रंगमंचावर प्राध्यापक अर्जाची चवड दातांत धरून, मान हलवत, सावकाश, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेकडे पाहत चावत असे, आणि तेवढ्या प्रसंगाला दीड मिनिट हशा मिळे. आता वर्णन बदलून “शेळी मेथीची जुडी खाते, जुडीसमोर धरलेला कागद खाली पडतो” असे करावे लागले. अर्ज ९ जानेवारी २०२५ रोजी गेला. मी दृश्यांना दिलेले क्रमांक आणि पटकथेतले क्रमांक जुळत नव्हते, ही चूक आमची. ती दुरुस्त करून परवानगी ११ फेब्रुवारीला हातात पडली आणि चित्रीकरण १७ फेब्रुवारीला सुरू व्हायचे होते. त्या पाच आठवड्यांत मी रात्री उठून ई-मेल पाहत असे. पटकथेचे क्रमांक एकदा गोठवा आणि मगच कोणत्याही कार्यालयाला कागद पाठवा. दिग्दर्शक कितीही गोड बोलला तरी मध्येच नवे दृश्य घालू देऊ नका.

दरम्यान कोथरूडमधल्या एका स्टुडिओत गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि माझ्या मते चित्रपट तिथेच हातातून गेला. दिग्दर्शकाची इच्छा पदे चित्रीकरणाच्या जागीच गाऊन घ्यावीत अशी होती. ‘कॅट्स’वाल्याच हूपर यांनी २०१२ च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये नटांना कानात पियानो ऐकवत कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायला लावले होते आणि त्या चित्रपटाला ध्वनिमिश्रणाचे ऑस्करही मिळाले होते. पण आमच्या ध्वनिमुद्रकाने वाडा पाहून येताच हात जोडले: शेजारी पिठाची गिरणी, वर कबुतरे, आणि दुपारनंतर रस्त्यावर उसाच्या गाड्या. तेव्हा आधी मुद्रण, नंतर ओठ हलवणे, असे ठरले.

म्हातारीचे काम करणाऱ्या आमच्या ताई गेली सात वर्षे म्हातारीचे पद म्हणत आहेत. नाटकात दुसऱ्या कडव्याआधी त्या थांबतात. किती थांबायचे हे ठरलेले नाही. सभागृहातला खोकला थांबेपर्यंत, हसू विरेपर्यंत, कधी नुसत्याच. ढोलकीवाला त्यांच्या तोंडाकडे पाहत नाही, उजव्या पायाच्या अंगठ्याकडे पाहतो. अंगठा उचलला की तो थाप देतो. स्टुडिओत ताई काचेच्या आत, ढोलकी आदल्या दिवशी वाजवून ठेवलेली, आणि कानात टिकटिक. त्या सवयीने थांबल्या. ढोलकी थांबली नाही. पाच वेळा असे झाले. सहाव्या वेळी त्यांनी न थांबता पद पूर्ण म्हटले, काचेपलीकडच्या मुलाने अंगठा वर करून “परफेक्ट” म्हटले, आणि ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला तो फार हळू ठेवला. मी तिथे होते. मी काही बोलले नाही, कारण स्टुडिओचे भाडे तासावर होते आणि घड्याळ माझ्याकडे होते.

चित्रीकरण भोर तालुक्यातल्या एका खासगी वाड्यात सतरा दिवस चालले. खासगी जागेसाठी मालकाशी लेखी करार, ग्रामपंचायतीचे पत्र आणि पोलीस ठाण्याला सूचना एवढ्यावर काम झाले. पुण्यातल्या पेठेत रस्त्यावर एक गाणे घ्यायचे होते, त्यासाठी महापालिका आणि वाहतूक पोलीस यांचे कागद वेगळे जमवावे लागणार होते, म्हणून ते गाणेच आम्ही वाड्याच्या मागच्या अंगणात हलवले. कॅमेरा आणि प्रकाशयोजना पाच लाख चाळीस हजार, जेवणखाण दोन लाख पंधरा हजार, जनित्राचे डिझेल एक लाख दहा हजार. जेवणाचा आकडा पाहून दचकू नका, तो सर्वांचाच चुकतो: नाटकाच्या दौऱ्यात आम्ही अठरा माणसे असतो, येथे रोज पंचावन्न पाने उठत होती.

शेळीने उत्तम काम केले. तिची मालकीण मावशी कॅमेऱ्याच्या मागे बसून “खा गं बाई, खा” म्हणत असे. शेळीचे चार दिवस काम होते आणि चारही दिवस डॉक्टर जागेवर हजर होते. तिला सावली, पाणी आणि दर चाळीस मिनिटांनी विश्रांती मिळाली, जी आमच्यापैकी कोणालाही मिळाली नाही. पण मेथी खाणारी शेळी ही मेथी खाणारी शेळीच असते. कागद खाली पडला, ती खात राहिली, आणि चित्रीकरणाच्या जागी पंचावन्न माणसांपैकी कोणाला हसू आले नाही. दिग्दर्शक म्हणाला, संकलनात होईल.

साक्षीच्या पदाचे काय करायचे, हा प्रश्न शेवटपर्यंत टांगलेला राहिला. खरी शेळी दोन पायांवर उभी राहत नाही आणि गातही नाही. संगणकावर तिचे ओठ हलवून देण्याचे एका ठिकाणी साडेचार लाख सांगितले. तेवढे पैसे नव्हते, आणि नव्हते हे बरेच झाले. अखेरीस शेळी कॅमेऱ्याकडे पाहते आणि मागून प्राध्यापकांचा आवाज येतो, असे केले. प्राध्यापकांना चित्रपटात तलाठ्याचे काम दिले होते. ज्या दिवशी साक्षीचे दृश्य होते, त्या दिवशी ते तलाठ्याच्या टोपीत वाड्याच्या पायरीवर बसून शेळीकडे पाहत होते आणि कोणी हाक मारली की उगाच मोबाइल काढत होते.

कच्चे संकलन दोन तास अकरा मिनिटांचे झाले, अंतिम चित्रपट एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. चौदातली पाच पदे गेली. ध्वनिमिश्रणाला दोन लाख पंचाहत्तर हजार लागले, आणि तीस लाखांचा अंदाज तेहतीस लाख साठ हजारांवर पोहोचला. वरचे तीन लाख साठ हजार आम्ही चौघांनी मिळून घातले. मी त्यात होते. नवऱ्याला सांगितले ते आठ दिवसांनी.

प्रमाणन मंडळाचा अर्ज आता ‘ई-सिनेप्रमाण’ या संकेतस्थळावर भरतात. आपल्याला मुंबईचे प्रादेशिक कार्यालय लागू होते. सारांश, पूर्ण संवादसंहिता, गाण्यांचे शब्द, शीर्षकाचे पत्र, हक्कांचा करार आणि शेळीचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडायचे. या शेवटच्या कागदासाठी शेळीच्या सर्व दृश्यांच्या चित्रफिती, डॉक्टरांचा हजर असल्याचा दाखला आणि निर्मात्याचे प्रतिज्ञापत्र पाठवावे लागले. पहिल्यांदा आम्ही फक्त अंतिम संकलनातली दृश्ये पाठवली, ती परत आली. मग असंकलित चित्रण पाठवले. यात एप्रिलचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा गेला. म्हणून सांगते, शेळीचे चित्रीकरण संपेल त्याच रात्री तेवढ्या फितींची वेगळी प्रत काढून ठेवा. संकलकाकडे गेल्यावर ती मिळवायला तीन आठवडे लागतात, आणि संकलक तेव्हा दुसऱ्याचे काम करत असतो.

विडीचा प्रकार मला आधी ठाऊक नव्हता. सरपंचाचा म्हातारा बाप एका दृश्यात विडी पेटवतो, एक झुरका घेतो, बस. पडद्यावर तंबाखू दिसली की चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्ये प्रत्येकी तीस सेकंदांची आरोग्यविषयक फीत, शिवाय दोन्ही वेळा वीस सेकंदांचे निवेदन, आणि विडी दिसत असेपर्यंत खाली इशारा, एवढे बंधनकारक असते. म्हणजे दोन सेकंदांच्या विडीसाठी शंभर सेकंद. संकलकाने विडी कापून नुसती काडी पेटवणारा म्हातारा ठेवला. तो काडी का पेटवतो हे चित्रपटात कळत नाही. एका समीक्षकाने त्यात प्रतीक पाहिले.

अर्ज ९ जूनला गेला, चित्रपट समितीने १५ जुलैला पाहिला. आम्ही तिघे पहाटेच्या शिवनेरीने निघालो. अर्जदाराने आत बसायचे नसते; बाहेर थांबायचे आणि बोलावल्यावर जायचे. बाहेरच्या बाकावर मी एक तास अठ्ठेचाळीस मिनिटे दारापलीकडून हसण्याचा आवाज येतो का ते ऐकत होते. आत गेल्यावर सदस्य अतिशय सभ्यपणे बोलले. एक शिवी आवाज बंद करून घ्या, एका संवादातला जातिवाचक वाटू शकेल असा शब्द बदला, आणि ‘यूए ७+’ मान्य आहे का? ‘यूए’ म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा चित्रपट; कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे ७, १३ आणि १६ असे वयोगट झाले आहेत, प्रमाणपत्रही आता दहा वर्षांचे नसून कायमचे असते. आम्ही मान्य केले. बदललेले भाग पुन्हा पाठवले आणि १ ऑगस्टला प्रमाणपत्र मिळाले. या सबंध प्रवासात मला सर्वांत कमी त्रास या टप्प्यावर झाला, हे नमूद करणे न्यायाचे आहे. ज्या कार्यालयाची धास्ती घेऊन आम्ही वर्ष काढले, तिथे कागद पूर्ण असले की काम होत होते.

प्रदर्शनाची तारीख १२ सप्टेंबर २०२५ ठरली. गणपतीत पुण्यात चित्रपटगृहात कोण जाणार, आणि नवरात्रात मोठे चित्रपट येणार. मधल्या पंधरवड्यात पडदे मोकळे होते. मोकळे का होते, तर पितृपक्ष होता. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सहा पडदे मिळाले. त्यांतले चार खेळ सकाळी दहाच्या सुमाराचे होते, आणि एका ठिकाणी आमचा खेळ न सांगता रद्द करून पैसे परत दिले गेले. सासवडहून आलेले आमचे नेहमीचे प्रेक्षक त्या दिवशी वडापाव खाऊन परत गेले. वितरकाशी करार करताना खेळांची वेळ आणि रद्द झाल्याची पूर्वसूचना ही दोन कलमे घालून घ्या. घालून देत नाहीत, तरी मागा.

तिकीट दीडशे रुपये. अठरा टक्के कर वजा जाता एकशे सत्तावीस रुपये बारा पैसे, त्यातला निम्मा चित्रपटगृहाचा, म्हणजे आमच्या हाती त्रेसष्ट रुपये छप्पन्न पैसे. पहिल्या आठवड्यात एक हजार आठशे त्रेचाळीस तिकिटे गेली. गुणाकार मी त्या रात्री तीनदा केला: एक लाख सतरा हजार एकशे एक्केचाळीस. दुसऱ्या आठवड्यात एकूण चार खेळ झाले.

पहिल्या खेळाला मी शेवटच्या रांगेत बसले होते. लोक आमचेच होते, म्हणजे ज्यांनी नाटक तीनदा-चारदा पाहिले आहे असे. म्हातारीचे पद सुरू झाले तेव्हा पुढच्या काही माथ्यांनी ताल धरला, आणि दुसऱ्या कडव्याआधी जिथे थांबायचे तिथे ती सगळी माथी थांबली. गाणे पुढे गेले. मग कोणी ताल धरला नाही. साक्षीच्या वेळी शेळी पडद्यावर वीस फुटांची दिसत होती, तिच्या डोळ्यांच्या आडव्या बाहुल्यासुद्धा स्पष्ट, चित्रण खरोखर देखणे. आणि मागून आवाज येत होता तो रेडिओ चालू राहिल्यासारखा. बाहेर पडताना लोक भेटले, ते सगळे कॅमेऱ्याबद्दल चांगले बोलले. पुण्यात कोणी फक्त छायाचित्रणाची स्तुती केली की काय समजायचे ते आपल्याला ठाऊक असते. शनिवार पेठेतले एक आजोबा, ज्यांनी नाटकाचे अकरा प्रयोग तिकीट काढून पाहिले आहेत, जिन्यात थांबून म्हणाले, “शेळी चांगली आहे हो तुमची. पण त्या मुलाला का नाही घेतलंत?”

मुलगा, म्हणजे प्राध्यापक, पंचेचाळीस वर्षांचे आहेत आणि ते तिथेच माझ्यामागे उभे होते.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला की शेळीचे दृश्य छोटे करून नवी प्रत चित्रपटगृहांत पाठवू. ‘कॅट्स’वाल्यांनीही प्रदर्शनानंतर सुधारित प्रत पाठवली होती. मी त्याला सांगितले की प्रमाणपत्रानंतर केलेला बदल मंडळाला कळवून मान्य करून घ्यावा लागतो, त्याला वेळ आणि शुल्क लागते, आणि तोपर्यंत आपला चित्रपट उतरलेला असेल. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले की दृश्य चुकले की आपण? मी म्हटले, मला फक्त कागदांचे विचार. पण खरे उत्तर मला तेव्हाही माहीत होते. त्या मांजरांच्या गोष्टीवरून आम्ही नेमका उलटा धडा घेतला होता. पायमोज्यांचे कान पाहून प्रेक्षक आपल्या मनात शेळी तयार करत होते आणि ती त्यांची स्वतःची असल्यामुळे तिचे त्यांना वाईट वाटत होते. आम्ही बल्लभगढपर्यंत पत्रव्यवहार करून त्यांना तयार शेळी आणून दिली.

तरी कोणी करणारच असेल, तर क्रम असा ठेवा: आधी हक्कांचा करार, मग पटकथा गोठवणे, मग प्राण्याची परवानगी, आणि ती हातात आल्यावरच चित्रीकरणाच्या तारखा. आम्ही तारखा आधी घेतल्या होत्या. प्रत्येक कागदाची छायाप्रत एका व्यक्तीकडेच असू द्या, आणि ती व्यक्ती दिग्दर्शक नसावी. गाण्यांच्या मुद्रणाला मात्र, परवडो न परवडो, ढोलकीवाला आणि गायिका एका खोलीत बसवा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी कर्ज काढले असते.

हिशेब ३० नोव्हेंबरला बंद केला. नातलगांचे नऊ लाख चौदा जणांत वाटून हप्त्याने फेडायचे ठरले आहे. पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत ते फिटावेत. मावशींना शेळीची दृश्ये पेन ड्राइव्हवर हवी होती, ती दिली.

नाटकाचा एकशे एकावा प्रयोग १४ डिसेंबरला लागला. आठ दिवस आधी वेषभूषेची पेटी उघडली तर पायमोजे होते आणि घोंगडी नव्हती. वाड्यात पहाटे थंडी होती म्हणून ती चित्रीकरणात शेळीखाली अंथरली होती आणि तिथेच राहिली होती. रविवार पेठेत तशीच काळी मिळाली, साडेआठशे रुपयांना. प्राध्यापक म्हणाले, पैसे मी देतो. मी घेतले नाहीत. बंद केलेली वही पुन्हा उघडून ती रक्कम चित्रपटाच्या खर्चात टाकली.